विशाखाची गिटार आणि आण्णांची पेन्सिल

आमच्या ऑर्केस्ट्रात विशाखा साळवे येण्याआधी चार गिटारवाले होऊन गेले, आणि चौघांची तक्रार एकच होती: ऑक्टोपॅडवाला फार मोठ्यानं वाजवतो. ऑक्टोपॅड मी वाजवतो. दिवसभर बँकेत मान खाली घालून बसावं लागतं, त्यामुळे संध्याकाळी माझा हात जरा सैल सुटतो, हे मला मान्य आहे. विशाखानं बारा वर्षांत ही तक्रार एकदाही केली नाही. पहिल्याच दिवशी तिनं माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. मला घरातसुद्धा कुणी गप्प करू शकलेलं नाही, पण त्या दिवशी मी निमूटपणे आवाज कमी केला.

तेव्हा आमची तालीम रऊफभाईंच्या टेम्पोच्या शेडमध्ये चालायची. रऊफभाई म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक, की-बोर्डवादक आणि त्याच टेम्पोचे ड्रायव्हर. विशाखा आली ती मुकुंदवाडीहून, स्कूटीवर. वय तिशीच्या आत-बाहेर, बोटांची टोकं वॉर्निशनं काळपट झालेली, आणि पाठीला स्कूटरच्या सीटच्या रेक्झिनच्या शिवून घेतलेल्या खोळीत गिटार. भावाच्या दुकानात ती जळलेल्या मोटारींचं वायंडिंग करायची, म्हणजे मोटार उघडून आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची. खुर्चीवर बसली आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाली, "तुमचा सा कुठंय?"

"पहले गाना तो पूछो कौनसा है," रऊफभाई म्हणाले.

"गाणं कोणचं बी असू द्या. सा सांगा."

रऊफभाईंनी की-बोर्डवर एक पट्टी दाबून धरली. तिनं डोळे मिटून सहाही खुंट्या फिरवल्या आणि तारा लावल्या. झालं असं, की सगळ्या तारा सा आणि प या दोनच स्वरांत जाऊन बसल्या. कॉलेजात असताना चारचौघांवर छाप पाडायला मीही सहा महिने गिटार बडवली होती. गिटार अशी लावत नाहीत, एवढं मला कळत होतं. रऊफभाईंनाही कळत होतं. आम्ही एकमेकांकडं बघितलं, आणि तेवढ्यात तिनं वाजवायला सुरुवात केली.

ते कसं वाजलं हे नीट सांगता येत नाही, पण प्रयत्न करतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर ती उडी मारत नसे, घसरत जाई. वाद्य वाजतंय असं वाटतच नव्हतं. कुणीतरी काम करता करता तोंडातल्या तोंडात गात असावं, तसं ते होतं. जुनंच गाणं, आम्ही शेकडो लग्नांत वाजवून त्याचा भुगा केलेला. त्या दिवशी ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. रऊफभाई एवढंच म्हणाले, "हौ. कल से आ जाना, बेटा."

तारांबद्दल मी काही बोललो नाही. पुढं बारा वर्षं बोललो नाही. ती काही माझी शहाणपणाची गोष्ट नव्हे, तेव्हा त्या गोष्टीकडं नंतर येतो.

विशाखाला ओळखायचं असेल तर दुकानात बघायला हवं होतं. कॉइल गुंडाळताना ती वेढे मनात मोजायची, आणि त्या वेळी कुणी बोलायला आलं की डावा तळहात वर व्हायचा. तो खाली येईपर्यंत समोरच्यानं थांबायचं. एकदा एक पुढारी असाच दुकानापुढं उन्हात उभा राहिला. बरोबरचा माणूस म्हणाला, अगं साहेब आलेत. तळहात वरच. मोजणं संपल्यावर ती म्हणाली, "एक वेढा चुकला तर मोटार फिरंल, पर गरम होईल. मंग साहेबच वरडतील." हीच भाषा ती तालमीत वापरायची. गायक सुरातून निसटला की चिडणं नाही, टोमणा नाही. नुसतं म्हणायची, "गरम व्हायलंय." गायक बिचारा लाजून पाणी प्यायला जायचा.

दुसरी सवय म्हणजे कुठलीच गोष्ट अडली म्हणून थांबायची नाही. एका कार्यक्रमाआधी तासभर तिची बारकी तार तुटली. जवळ दुसरी नव्हती आणि दुकानं बंद. ती बाहेर गेली, मेकॅनिककडून स्कूटरच्या जुन्या क्लचवायरचा एक पदर सोडवून आणला, तोच चढवला आणि अख्खा कार्यक्रम वाजवला. बोटं सोलवटली होती. मी म्हटलं, "अगं, दाखव तरी." म्हणाली, "काय नाय झालं. आवाज जरा खरखरीत आला, पर प्रामाणिक आला." आवाजाला प्रामाणिक म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि पैठणचं लग्न. नवरदेवाच्या मामांना गायची हुक्की आली. मामा सुरुवात एका पट्टीत करायचे, कडव्यात दुसरीकडं जायचे आणि परत येताना तिसऱ्याच गावाला उतरायचे. रऊफभाईंनी दोन वेळा पट्टी बदलली आणि हात जोडून बसले. मी तर काठ्या खालीच ठेवल्या. विशाखा मात्र सहाही तारांवर एक बोट आडवं ठेवून मामांच्या मागं मागं जात राहिली, नव्यानं चालायला लागलेल्या पोरामागं थोरली बहीण जाते तशी. मामा जिथं जातील तिथं ती आधीच पोचलेली. मांडवात कुणालाच कळलं नाही की मामा भरकटले होते. मामांनाही नाही. जेवताना ते तिला म्हणाले, "ताई, तुमचं जरा इकडंतिकडं व्हायलं होतं, पर मी सांभाळून घेतलं." ती म्हणाली, "व्हय मामा, लई आधार वाटला." आणि गंभीर चेहऱ्यानं जिलेबी वाढून घेतली. मी ताटावर मान घालून हसत होतो.

ही विद्या आली कुठून, ते तिच्या घरी गेल्यावर कळलं.

घरी तिचे वडील होते, आण्णा. चिकलठाण्याच्या एका कंपनीतून वॉचमन म्हणून रिटायर झालेले, सातवी शिकलेले, आणि वस्तीतल्या गायन पार्टीत तीस वर्षं पेटी वाजवलेले. जयंतीच्या दिवसांत त्यांना घरी जेवायलाही सवड नसायची. विशाखा पाच वर्षांची असताना त्यांनी तिला पेटीवर बसवलं. त्यांचा नियम एकच होता: आधी सा, मग बाकीचं जग. सकाळी ती दात घासून आली की ते पेटीवर पांढरी दोन ही पट्टी दाबायचे, तिनं त्या सुरात आवाज लावायचा, मगच चहा.

ती दहा-अकरा वर्षांची असताना शेजारच्या खोलीत भाड्यानं राहणारी एक केरळची नर्स गाव सोडून गेली आणि जाताना आपली गिटार या मुलीला देऊन गेली. आता गिटार लावायची कशी, हे अख्ख्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. आण्णांच्या लेखी जे वाद्य सा-ला धरून नाही ते आजारी. त्यांनी पेटी उघडली आणि सहाही तारांना सा आणि प-च्या शिस्तीत आणलं. मुलगी वाजवू लागली.

पुढं त्यांनी गुलमंडीच्या बाजारातून गिटार शिकायचं एक हिंदी पुस्तक आणलं. त्यात तारांची चित्रं होती, कुठं बोट ठेवायचं त्याचे काळे ठिपके होते, आणि खाली कुठले स्वर वाजतील तेही लिहिलेलं होतं. पहिल्या पानावर प्रत्येक तारेपुढं एकेक इंग्रजी अक्षर छापलं होतं. आण्णांना ती तारांची नावं वाटली, आणि नावाला कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं. मग बापलेकींनी ठिपक्यांवर बोटं ठेवली. लिहिलेले स्वर वाजेनात. दुसरं चित्र घेतलं, तेही चूक. तिसरंही. आठवडाभर खटपट करून दोघं एका निष्कर्षाला आले: पुस्तक चुकीचं छापलंय.

दुसरं कुणी असतं तर पुस्तक माळ्यावर टाकलं असतं. आण्णांनी पेन्सिलीला टोक केलं. रोज ड्यूटीवरून आल्यावर एक चित्र घ्यायचं, लिहिलेले स्वर आपल्या तारांवर खरोखर कुठं वाजतात ते शोधायचं, छापलेल्या ठिपक्यावर फुली मारायची आणि बरोबर जागी गोल काढायचा. दोन पावसाळे हे चाललं. अख्खं पुस्तक दुरुस्त झालं. मग त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं, चुकांची यादी जोडून, पुढच्या आवृत्तीत सुधारणा व्हावी म्हणून. उत्तर आलं नाही.

ते पुस्तक त्यांनी मला दाखवलं तेव्हा ते दोन्ही हातांनी धरलेलं होतं. म्हणाले, "बघा साहेब. छापील पुस्तकातल्या चुका काढल्या आमी. मी सातवी नि ही पोरगी." त्यांच्या वडिलांना पाटीला हात लावू दिला नव्हता, हे ते त्याच्या आधी दहा मिनिटं सांगून गेले होते. मी पानं उलटली. एकेक गोल इतका निगुतीनं काढलेला, की माझ्या बँकेतल्या कुणाचीही सही इतकी नीट नसेल. मी म्हटलं, फार छान काम आहे. खरंच छान होतं. तारा तुमच्या वेगळ्या लागल्यात, पुस्तक बरोबर आहे, हे माझ्या जिभेवर आलं आणि मी चहाबरोबर गिळून टाकलं.

भिडेपोटी गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत आलो. पण त्यात माझा स्वार्थही होता. ती जगासारखं वाजवायला लागली असती, तर आमच्या ऑर्केस्ट्रातलं तेवढं एक ऐकण्यासारखं निघून गेलं असतं. रऊफभाईंचंही तेच. तिला स्वतःला संशय आला नाही का? टीव्हीवर, मोबाइलवर इतरांची बोटं वेगळी पडतात हे तिनं बघितलं होतं. तिला वाटायचं, त्यांचं घराणं वेगळं असेल.

मग निहार आला. सिडकोतला इंजिनियर, पंचविशीचा, स्वतः मराठी गाणी लिहून बँड काढलेला. त्यानं तिला एका लग्नात ऐकलं आणि आपल्या तालमीला बोलावलं. ऑर्केस्ट्रातून बँडमध्ये जाणं म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक होतं. आम्ही दुसऱ्यांची गाणी वाजवायचो. तिथं बँडची स्वतःची असणार होती. तिला ते किती हवं होतं हे तिनं सांगितलं नाही, पण गिटारला नव्या तारा चढवल्या आणि नवं जाकीट घातलं. सोबत म्हणून मला नेलं.

दुपारची वेळ होती. पाच पोरं, दोन पोरी, सगळी सभ्य. ऐन वेळी तिच्या गिटारच्या आतली वायर खराब निघाली, आवाज स्पीकरला जाईना. निहारनं आपली गिटार काढून दिली. तिनं सवयीनं खुंटीला हात घातला. निहार म्हणाला, "ताई, लावलेलीच आहे. फिरवू नका."

तिनं तारांवरून हात फिरवला. तिचा चेहरा मी बघत होतो. मग तिनं बोटं तिथं ठेवली जिथं ती तीस वर्षं जात होती, आणि जे वाजलं ते भांडी पडल्यासारखं होतं. तिनं परत ठेवली. परत तेच. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. तिनं गिटार हळूच खाली ठेवली. निहारला मुद्दा कळला आणि त्यानं समजावून सांगितलं, की सगळीकडं गिटार अशीच लावतात, सुरुवातीपासून, तुमच्या तारा वेगळ्या आहेत. तो चांगला मुलगा होता, पण खरं सांगताना आवाज खाली करायचं वय त्याचं नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मंग पुस्तकातलं बरोबर व्हतं?"

त्या खोलीत या प्रश्नाचा अर्थ फक्त मला कळला.

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. मी माझ्या बारा वर्षांच्या गप्प बसण्याची कबुली दिली. ती रागावेल अशी तयारी केली होती. म्हणाली, "तुमचं काय नाय हो साहेब. माझं बी काय नाय. हात हाय, परत शिकंल. पर आण्णाला काय सांगू?" आणि त्या बाईच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी बघितलं.

पुढचे आठ महिने तिनं जे केलं ते माझ्यानं झालं नसतं. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी अर्धं शटर खाली ओढून, उघड्या पडलेल्या मोटारींच्या मध्ये बसून, ती पहिल्या धड्यापासून शिकली. आण्णांना ऐकू जाऊ नये म्हणून घरी नाही. चाळिशीला आलेली बाई, जिच्या बोटांना तीस वर्षांची सवय, ती एकेक बोट नव्या जागी नेऊन ठेवत होती. एकदा सहज डोकावलो तर तळहात वर झाला. मी बाहेर थांबलो. आठ महिन्यांनी ती निहारपुढं जाऊन बसली, त्याचीच गिटार मागून घेतली आणि खुंटीला हात न लावता त्याची तीन गाणी वाजवली. निहार उठून उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, आता तुमचं जुनं पण लागेल मला. दोन गाण्यांना." तिथून ती दोन गिटार घेऊन जायला लागली.

बँडचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला आणि आण्णांनी जाहीर केलं, मी पुढच्या रांगेत बसणार. आता लपवणं शक्य नव्हतं. आण्णांची नजर अधू झाली होती, पण लेकीची बोटं त्यांना ओळखू आली असती. मी म्हटलं, सांगू नकोस, वयस्कर माणूस आहे, बँडचं घराणं वेगळं म्हणून सांग. तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. म्हणाली, "त्यांनी मला कधी खोटा सूर लावू दिला नाय. आता मी त्यांच्यासंगं लावू व्हय?"

त्या रविवारी बुद्धवंदना झाल्यावर तिनं आण्णांसमोर बसून सरळ सांगितलं. पुस्तक बरोबर होतं, आपण चुकलो. आण्णांनी पुस्तक मागून घेतलं, पानं बघितली आणि मांडीवर ठेवून बसून राहिले. त्या दिवशी जेवले नाहीत. तीन दिवस घरात बोलले नाहीत. विशाखा तालमीला यायची, पण तिचं वाजवणं त्या दिवसांत गरम व्हायचं, आणि तिला ते सांगायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

चौथ्या दिवशी आण्णांचा मला फोन आला. साहेब, या जरा, तुमची शुद्धलेखनाला मदत पाहिजे. मी गेलो. त्यांनी एक पत्र लिहून ठेवलं होतं, त्याच प्रकाशकाला, त्याच जुन्या पत्त्यावर. "महोदय, पूर्वी आम्ही आपल्या पुस्तकातील चुका कळवल्या होत्या. त्या चुका आपल्या नसून आमच्या होत्या. आमच्या तारा वेगळ्या लागल्या होत्या. आपणास त्रास झाला असल्यास क्षमा असावी." एकही वेलांटी चुकलेली नव्हती. प्रकाशक आता तिथं असेल की नाही याची मला शंका होती, पण मी पत्र घेतलं आणि नीट टपालात टाकलं.

कार्यक्रम छान झाला. आण्णा पुढच्या रांगेत होते, काठीवर हनुवटी टेकून, शेवटपर्यंत. त्यानंतर दोन महिन्यांत माझी लातूरला बदली झाली. बँड आता पुण्याकडं जास्त असतो, विशाखा मला मोबाइलवरच दिसते. प्रत्यक्ष शेवटची दिसली ती निघण्याआधी निरोप घ्यायला मुकुंदवाडीला गेलो तेव्हा.

सकाळचे दहा वाजले असतील. दार उघडंच होतं. आण्णा खाटेवर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर गिटार होती, जगासारखी लावलेली. पेटीवर आयुष्य गेलेली ती जाड बोटं तारांवर वळत नव्हती. विशाखा समोर जमिनीवर बसून एकेक बोट धरून जागेवर ठेवत होती. ठेवून झाल्यावर तिनं हात काढला, आण्णांनी दुसऱ्या हातानं तारा छेडल्या, आणि जे वाजलं ते दारात उभ्या माझ्याही कानाला खुपलं. माझ्या तोंडून वा निघणारच होतं, म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून.

"चुकलं, आण्णा," विशाखा म्हणाली.

आण्णांनी मान डोलावली, बोटं उचलली आणि परत ठेवायला लागले.